अर्ध्या वेगाचे अण्णा

माझ्या सासऱ्यांशी बोलताना त्यांच्या उजव्या पायाकडे लक्ष ठेवावं लागे. आपण भरभर काही सांगत असलो आणि त्यांना ते नीट कळलं नाही, की टाच जागेवरच राही आणि चवडा हळूच दाबला जाई. म्हणजे मागे जा, पुन्हा सांगा. लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आले तेव्हा मला वाटलं, यांना वाताचा त्रास असणार. मी बिचारी तेल कोमट करून घेऊन गेले. सासूबाई हसून हसून लोळायच्या तेवढ्या बाकी होत्या.

सगळी घडियाळी पोळ, म्हणजे आमची गल्ली, त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही. सयाजीगंजातल्या एका कंपनीत ते स्टेनो होते. साहेबलोक कॅसेटवर पत्रं बोलून ठेवत आणि अण्णा ती एका यंत्रावर ऐकून टाइप करत. यंत्राला पायाखाली पेडल होतं. दाबलं की टेप थोडी मागे जाई. वेग कमी करायची सोयही होती. परदेशी कंपन्यांशी करारमदार सुरू झाले त्या दिवसांत एक गोरा इंजिनिअर आला. त्याच्या पत्रांच्या कॅसेटची दुसरी बाजू अण्णांनी चुकून लावली, तर तिकडे जॅझ! कुणीतरी सॅक्सोफोन असा वाजवत होतं की अण्णा टाइप करायचंच विसरले. इंजिनिअरने जाताना ती कॅसेट त्यांना देऊन टाकली, पण वाजवणाऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अण्णा त्याला ‘बुवा’ म्हणत. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, यंत्र भंगारात निघालं, आणि अण्णांनी ते लेकरासारखं उचलून घरी आणलं.

अण्णांचे आजोबा संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. घरातलं ते वाद्य अण्णांकडे आलेलं. रोज सकाळी पूजा आटोपली की यंत्र पुढ्यात, पेडल पायाखाली आणि क्लॅरिनेट तोंडाला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून त्यांनी यंत्राचा वेग बरोबर निम्मा होईल असं करून घेतलं होतं. “अगदी अर्ध्यावर आणलं ना मंगल, की सा हा साच राहतो, फक्त खालच्या सप्तकातला. जरा इकडेतिकडे झालं की बोंबललं सगळं!” पण त्या वेगात बुवांचा सॅक्सोफोन म्हैस हंबरल्यासारखा वाजे. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारत, “आली का तुमची म्हैस? चहा टाकू की पेंड भिजवू?” अण्णा ढिम्म. चार स्वर ऐकायचे, पेडल दाबायचं, पुन्हा तेच चार, मग क्लॅरिनेटवर. “इथे बघ, बुवा श्वास कसा चोरतात!” असं सांगताना त्यांचा चेहरा असा फुले की वाटे, बुवा शेजारीच मांडी घालून बसलेत.

‘अर्ध्यावर घे’ हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय. माझं आणि ह्यांचं कडाक्याचं भांडण चाललेलं असे, तर अण्णा दारात उभे. “घ्या, दोघंही अर्ध्यावर घ्या. हं, आता बोल, ती तुला काय म्हणाली?” आता मला सांगा, “तुम्ही माझं कधी ऐकलंय का” हे शब्द सावकाश, एकेक करून म्हणताना कुणाला राग टिकवता येईल? आमचं भांडण तिथेच फिस्कटायचं.

पण एक रुखरुख त्या माणसाला होती. बुवांची ती चीज त्यांना कुणाबरोबर तरी वाजवायची होती. बरोबर वाजवणार कोण? वरातीच्या बँडमधला एक ओळखीचा माणूस सगळं ऐकून म्हणाला, “सरस छे, अण्णा. पण यात गाणं कधी सुरू होणार?” संगीत शिकणारी दोन पोरं आली, चहा-चेवडा झाला, परत फिरकली नाहीत. त्यातच साठीनंतर बोटं आखडायला लागली आणि पूर्ण वेग हाती यायचा तो आलाच नाही. “अर्ध्यावरचा तो सराव गं. त्याला वाजवणं म्हणत नाहीत,” असं म्हणून ते वाद्य पेटीत ठेवत. तेव्हाचं त्यांचं तोंड मला बघवत नसे.

त्या वर्षी नवरात्र तोंडावर आलं होतं. शेजारच्या जसुबेन मला तीन टाळ्यांचा गरबा शिकवत होत्या आणि माझी एक टाळी हमखास चुकत होती. सकाळी कणीक मळता मळता मी पाय टाकून बघत होते. बाहेर अण्णांची क्लॅरिनेट चालू. आणि अहो आश्चर्यम्, माझी टाळी चुकेना! त्या सुरांना असा काही झोका होता की पाय आपोआप पडत होता. मी कणकेच्या हातांनीच धावत बाहेर गेले.

“अण्णा, थांबू नका! ह्यावर गरबा होतोय!”

“वेड लागलंय का तुला? जॅझ आहे हे!”

“असू दे की. बुवा काय बडोद्याला भांडायला येणारेत?”

अण्णा चिडले. मीही हट्टाला पेटले. संध्याकाळी पोळीतल्या ढोलवाल्या रमेशभाईंनाच घरी बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, गुडघ्यावर बोटं वाजवली आणि ओरडले, “अरे अण्णा, आ तो हींच छे! आपल्या गरब्याचाच ताल!” अण्णांनी त्यांच्या बोटांकडे असं पाहिलं की मी गुपचूप आत निघून गेले.

अष्टमीला आरती झाल्यावर अण्णा चौकात खुर्चीवर बसले. पहिलाच स्वर चिरकला. ते थांबले, कानापर्यंत लाल झाले. पण रमेशभाईंचा ढोल थांबला नाही. तो चालतच राहिला, ये बाबा, ये, म्हणत. दोन आवर्तनं गेली आणि अण्णा आत शिरले. जसुबेननी पहिलं पाऊल टाकलं, मागून सगळ्या बायका. बुवांची चीज, निम्म्या वेगात, आमच्या पोळीत गोल फिरू लागली. संपली तशी बायका ओरडल्या, “अण्णा, फरीथी! फरीथी!” अण्णांनी पुन्हा वाजवली. आणि पुन्हा. सासूबाई, म्हैस म्हैस करणाऱ्या, पदराला डोळे पुसत होत्या.

घरी येऊन अण्णांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली. मग म्हणाले, “मंगल, इतकी वर्षं मी नुसते बुवाच ऐकत होतो गं. त्यांच्या मागे कुणीतरी ताल धरून बसलंय, तो आज ऐकू आला.”

त्यानंतर दरवर्षी अष्टमीला अण्णांचा गरबा ठरलेला. महिनाभर आधीपासून रमेशभाई तालमीला येत आणि दोघं पोरांसारखी हुज्जत घालत. हे असं बरीच वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात अण्णा गेले, झोपेतच, कुणाला त्रास न देता.

त्या नवरात्रात मी चौकात गेले ती कडेलाच उभी राहिले. आरती झाली, रमेशभाईंनी ढोल गळ्यात घातला आणि तोच ताल धरला. वाजवणारं कुणी नव्हतं. मग जसुबेननी तोंडानेच सूर लावला आणि पाठोपाठ सगळ्या बायकांनी उचलला. शब्द नाहीत, काही नाही. पण एकूण एक स्वर बरोबर. बुवा जिथे श्वास घेत, तिथेच त्या सगळ्याजणी श्वास घेत होत्या.

माझ्या शेजारी पोळीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. तिने विचारलं, “कोनो गरबो छे आ?” कुणाचा हा गरबा?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फेऱ्यातून जाता जाता जसुबेनच म्हणाल्या, “आपणी पोळनो!” आपल्या पोळीचा.

मला रडू फुटलं. तशीच त्या मुलीचा हात धरून मी फेऱ्यात शिरले.