जन्माची गाठ

"घाई कायले करता, मॅडम? गाठ कुठी पळून नाही चालली."

गोंदियातल्या आमच्या लॅबमध्ये हे वाक्य मी रोज ऐकलं आणि रोज चिडले. ऑपरेशनात काढलेल्या गाठी कापून त्यांच्या काचपट्ट्या करणारे आमचे काका. तुमच्याही ऑफिसात असं कोणी असेलच. आपला जीव टांगणीला, आणि हे शांतपणे चष्मा पुसतायत. मी थकलेली डॉक्टर, टेबलावर कामाचा ढीग कायमचा.

एकदा तिरोड्याकडची एक बाई बरणी घेऊन आली. तिच्या सहा वर्षांच्या पोरीच्या छातीतून, अन्ननलिकेला चिकटलेली गाठ आदल्या दिवशी काढली होती. कॅन्सर तर नसेल ना, या धास्तीनं बाई अर्धी झालेली. बरणी उघडली, तर गाठ सडू न देणाऱ्या फॉर्मॅलिनचा वासच नाही!

"थे पानी माह्या डोळ्याले झोंबून राहिलं होतं, भाऊ," बाई म्हणाली. "पोरीच्या आंगचं मांस होय ना थे! म्हणून मीनं चांगलं पानी भरलं."

कालपासून साध्या पाण्यात! आतलं अस्तर सडलं असणार, आता निदान करायचं कशावरून? मी भडकलेच. काकांनी मला हातानंच थांबवलं. "माय, तू बस. पाहू आपन."

दिवसभर ते त्या गाठीचे बारीक काप करत राहिले. जेवणाचा डबा तसाच पडलेला. शेवटी गाठीच्या एका दुमडीत शाबूत अस्तर सापडलं. दुसऱ्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी पाहिली. छातीतली गाठ, पण आतून जठरासारखं अस्तर आणि भोवती स्नायूंचे दोन थर. गर्भातच अन्ननलिकेशेजारी तयार झालेली जादा पिशवी. कॅन्सर नाही.

"जन्माची होय, माय," काका म्हणाले. "निंगाली, संपलं." बाई रडली. काकाही रडले.

त्यांना खोकला तेव्हाही होताच. "छातीचा फोटो काढा," मी म्हणायची. "घाई कायले करता?" झालं! मग मीही कामात विसरायची. ती खंत जात नाही.

पुढे त्यांच्याच छातीतला तुकडा आमच्याकडे आला. मी पट्टी पाहिली. परत पाहिली. काका आपल्या स्टुलावर बसले होते.

"जन्माची होय का, मॅडम?"

माझ्या तोंडून निघालं, "घाई कायले करता, काका?"

ते हसले. चष्मा काढून पुसत राहिले. "समजलं," म्हणाले.

त्या स्टुलावर मी अजून कोणाला बसू देत नाही.