दुसरी पॉलिसी

मोबाईलवर गाडीचा विमा भरताना एक चौकोन येतो. 'माझ्याकडे स्वतःचा अपघात विमा आधीपासून आहे.' त्यावर टिक केली की हप्ता कमी होतो. मग तो विमा दाखवा, असं कुणी का म्हणत नाही? मी एजंटला विचारलं, कंपनीच्या कचेरीत विचारलं. दादा गेल्यापासून दिसेल त्याला विचारावंसं वाटतं.

बाजव्याच्या आमच्या टॅक्सी अड्ड्यावर विम्याचे किस्से निघायचेच. भाड्याची वाट बघत बसलेली माणसं दुसरं काय बोलणार? आता मी सावली नावाच्या गावात असतो. इथे ऐकायला कुणी नाही, तरी ते एकावर एक आठवत राहतात.

*

घनश्यामभाई अड्ड्यावर सगळ्यांत जुने. ते फक्त थर्ड पार्टी घ्यायचे, कारण ते सगळ्यांत स्वस्त. एकदा रिव्हर्स घेताना स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला गाडी ठोकली आणि क्लेम मागायला गेले. एजंट म्हणाला, काका, यात तुमच्या गाडीचं काही मिळत नाही, समोरच्याचं नुकसान तेवढं भरून मिळतं.

"मग खांबाला द्या ने, भाई," घनश्यामभाई म्हणाले. "त्याच्या वतीने सही मी करतो."

*

दादाचं उलटं. त्याची भाडी बहुतेक मांडवीच्या गर्दीतल्या गल्ल्यांतली. एका वर्षात तीन क्लेम झाले. एकदा रिक्षाने दिवा फोडला, एकदा हातगाडीने दार ओरबाडलं, एकदा लग्नाच्या वरातीत आरसाच गेला. बोनस गेला, हप्ता चढला. एजंटने त्याला ऐकवलं, जपून चालवा, क्लेम नाही केला तर बोनस मिळतो.

दादा म्हणाला, "मांडवीतून न खरचटता गाडी काढून दाखव, माझा बोनस तुला."

आणि त्याने हट्टाने झिरो-डेप घेतलं. म्हणजे पार्ट मोडला तर जुना म्हणून पैसे कापायचे नाहीत, नवा पार्ट पूर्ण मिळणार. टॅक्सीला ते कुणी देत नव्हतं. चार कंपन्या पालथ्या घातल्या तेव्हा मिळालं. हप्ता ऐकून वहिनी म्हणाली, एवढ्यात दुसरी गाडी येईल.

*

हप्ता खाली आणायचा तर अड्ड्यावर एकच रीत होती. तो चौकोन. त्याला सगळे डिस्काउंटच म्हणायचे. रीत घनश्यामभाईंनी सुरू केली आणि टिक मी मारायचो. मी आठवीत शाळा सोडली, पण मोबाईलवर बोट जोरात चालायचं. म्हणून सगळे फोन माझ्या हातात यायचे. "अमारो भणेलो," म्हणायचे. शिकलेला! मी फुगायचो.

दादाचा फॉर्म भरताना तो गाडी पुसत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "तिथे काय लिहिलंय?"

"काही नाही. डिस्काउंट आहे."

"मार मग."

मी वाचलंच नव्हतं.

*

नाक्यावर डंपरने दादाच्या गाडीला ड्रायव्हरच्या बाजूने धडक दिली. बाकी गाडी शाबूत होती.

सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला. दाराचा फोटो, काचेचा फोटो, सीटचा फोटो. सीट धुतली नव्हती. माणूस वाईट नव्हता, हळू बोलत होता. म्हणाला, "झिरो-डेप आहे, काळजी करू नका. काही कापलं जाणार नाही."

पंधरा दिवसांत गाडी आली. दार नवं, काच नवी, सीटवर प्लास्टिकसुद्धा तसंच.

*

मालक स्वतः गाडी चालवताना गेला तर त्या स्वतःच्या अपघात विम्यातून घरच्यांना मोठी रक्कम मिळते. हे मला तेव्हा कळलं. वहिनीला घेऊन कचेरीत गेलो. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन बघितला. "यांनी ते कव्हर घेतलेलं नाही. दुसरी पॉलिसी आहे असं लिहून दिलंय. ती ज्या कंपनीची असेल तिथे जा."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "भावोजी, हे मला बोलले नाहीत कधी. पण लिहून दिलंय म्हणजे असणार. ते खोटं लिहिणारे नव्हते."

*

ती पॉलिसी शोधायला तिने कपाट उपसलं. देव्हाऱ्याखालचा खण काढला. लेकीच्या, चिमीच्या, शाळेच्या फायली, गाद्यांच्या खोळी, तांदळाचा डबा. मी रोज सांगायचं ठरवून जायचो. ती रोज दारातच आज कुठे कुठे शोधलं ते सांगायची, आणि मी चहा पिऊन परत यायचो.

घनश्यामभाईंनी रिन्यूअलसाठी फोन पुढे केला, तेव्हा मी टिक मारली नाही. "अरे भणेला, डिस्काउंट?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा फोन रस्त्यावर आपटला. त्या दिवसापासून अड्ड्यावर गेलो नाही.

सावलीला निघायच्या आदल्या दिवशी वहिनीकडे गेलो. सांगूनच निघायचं होतं. ती माळ्याकडे बघत उभी होती. वर दादाची पत्र्याची ट्रंक होती, तेवढी एकच बघायची राहिली होती. तिला ती एकटीला उतरवता येत नव्हती.

चिमीने स्टूल धरलं. मी वर चढलो आणि ट्रंक उतरवून दिली.