दारोगासाहेब नगरहून परत आले

आप्पासाहेब गोदावरीकाठच्या करोडगिरी नाक्यावर अठ्ठावीस वर्षे दारोगा होते. नदीच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांचा. पलीकडून येणाऱ्या मालावर जकात घ्यायची, त्यासाठी लोकांची बोचकी उघडायची. हे काम त्यांनी इतक्या नेकीने केले की एका नवरीच्या रुखवतातले लाडूही फोडून पाहिले.

पेन्शनीत निघाल्यावर औरंगाबादचे घर बंद करून ते नगरला राहायला गेले. म्हणजे परमुलखातच. "तिथं शिस्त आहे, वाचनालय आहे, बोलायला माणसं आहेत. इथं काय आहे?" असे औरंगाबादेत शहागंजाच्या चौकात चारचौघांना सुनावून गेले. मग दर पंधरवड्याला पत्र: हवा उत्तम, भाजी ताजी, पोस्टमन वेळेवर. ती वाचून दोन पेन्शनर कारकून सामान बांधायला लागले.

नगरच्या वाचनालयात आप्पासाहेबांना खुर्ची मिळे. त्यांना पाहून खुर्चीतून उठणारा मात्र कोणी नसे. शेजारी त्यांना 'मोगलाईतले पाहुणे' म्हणत. दोन वर्षे झाली तरी पाहुणेच. त्यांच्या पत्नी सारजाबाई पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, "मला घरी न्या." त्यावर उत्तर एकच, "लोक काय म्हणतील?"

शेवटी आप्पासाहेबांनीच तोड काढली. परत जायचे, पण महिनाभरासाठी आलो असे सांगायचे. पुढे लोक विसरतील. नाका भर दुपारी ओलांडायचा, कारण दुपारी तिथे चिटपाखरू नसते. नोकरीत असताना दुपारी ते स्वतः झोपत, म्हणून त्यांची अशी समजूत होती.

नाक्यावर बाजाराच्या गाड्यांची रांग लागलेली होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेला मजीद आता दारोगा होता.

"या हुजूर! पाहुणे म्हणून की कायमचे?"

"पाहुणा. महिनाभर."

मजीदने गाडीत डोकावले. पलंग, देव्हारा, जाते. "महिनाभरासाठी जातं?"

मागच्या गाडीवरचा कडूबा ओरडला, "पाहुण्याला दळाया लावत्यात जणू!"

"पाहुणे असाल तर सगळ्यावर जकात, हुजूर. कायमचे आलात तर माफ. पण मग परतायचं कारण दोन साक्षीदारांसमोर मोठ्यानं सांगावं लागतं. आपलाच हुकूम."

व्यापारी नवा माल घरसामान म्हणून आणतात, म्हणून आप्पासाहेबांनीच ही रीत पाडली होती.

"हवा मानवली नाही."

"हे कारण आपणच बाद केलं होतं. सगळे तेच सांगतात म्हणून."

"अहो, खरं सांगून टाका," सारजाबाई गाडीतून म्हणाल्या. "ऊन लागतंय."

आप्पासाहेबांनी रांगेकडे पाहिले. अर्धी रांग ओळखीची.

"तिथं मला कुणी ओळखत नाही," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, हुजूर."

"तिथं मला कुणी ओळखत नाही!"

पुढच्या-मागच्या गाड्यांतून डोकी बाहेर आली.

"हितं समदे वळखत्यात," कडूबा म्हणाला. "माझ्या बहिणीचे लाडू फोडले व्हते तुमी. कायमचे आलात ना? लई बेस. आता गाडी काढा."

मजीदने माफीचा शिक्का उचलला.

"थांब," आप्पासाहेब म्हणाले. आवाज पुन्हा दारोगाचा. "बोचकी कोण उघडणार? तोंडाच्या शब्दावर गाडी सोडतात होय?"

कडूबाने कपाळाला हात लावला. सारजाबाईंनी छत्री उघडली.