न पाहिलेली धामण

झेंडूची पानं बोटांत चुरगळली की एक उग्र, हिरवट, किंचित कडवट गंध सुटतो. देवाला वाहिलेल्या फुलांचा तो नव्हे. तो पानांचा, देठांचा, खुद्द शेताचा. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी कामावरून घरी आले, दार उघडलं आणि हा गंध मला उंबऱ्यातच भेटला. माझी नऊ वर्षांची लेक जुई सोफ्यावर मांडी घालून बसली होती. नखांत काळी माती, फ्रॉकला हिरवे डाग, आणि डोळे टॅबवर खिळलेले. शेत घरी आलं होतं, पोर मात्र कुठे होती कोण जाणे.

खरं तर या सुट्टीचं मी किती चोख नियोजन केलं होतं. अंबडच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, माप लावायचं आणि केसभर फरक दिसला तरी तो बाजूला काढायचा, हा माझा कित्येक वर्षांचा धर्म. तीच शिस्त मी घरीही आणली. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. सकाळी मखमलाबादच्या एका फुलशेतीवर उन्हाळी शिबिर, दुपारी वाचन आणि झोप, पाच ते साडेपाच टॅब. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. माती आणि पडदा यांचा असा समतोल मी साधला होता, की शेजारणी त्या कागदाचे फोटो काढून घेऊन गेल्या. मूठभर मांस चढलं माझ्या अंगावर, खोटं कशाला बोलू?

शिबिर घेणाऱ्या मोरेबाई मोठ्या हौशी. पालकांच्या ग्रुपवर त्या रोज सकाळी व्हिडिओंचा नुसता सडा घालत. दहाच्या चहाला मी ते सगळे पाहायचे. जुई रोपांना माती लावतेय, जुई फुलं ओवतेय, जुईची पाण्याची बादली उपडी झाली आणि ती नखशिखांत भिजली. हा शेवटचा तर मी तीनदा पाहिला आणि मैत्रिणींनाही दाखवला. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तेच, बसमध्ये पुन्हा तेच. त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत तिचा अख्खा दिवस मला तोंडपाठ असायचा. ती दारातच सुरुवात करायची, "आई, आज काय झालं माहितीये का..." आणि मी चपला काढता काढता म्हणायचे, "पाहिलं गं मी. बादली सांडली ना तुझी?" आई कामावर असूनही आपल्यावरून तिची नजर हटत नाही, याचा जुईला केवढा आनंद होत असेल, अशी माझी समजूत. माया आणि पाळत यांच्यातली सीमारेषा किती पुसट असते, नाही?

तर त्या संध्याकाळी मी नेहमीच्या कौतुकाने विचारलं, "मग, काय केलं आज?"

तिने मान वर न करता सांगितलं, "ग्रुपवर आलंय ना. बघ."

त्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस सांगतो तसं तिने सांगितलं, आणि म्हणूनच ते मला फार लागलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. मी मात्र हातातलं काकण सोडून दिवसभर आरशातच पाहत बसले होते. मूल जेव्हा आपला दिवस सांगतं, तेव्हा ते तो दिवस दुसऱ्यांदा जगत असतं. त्यातलं काही निवडतं, काही लपवतं, काही आपल्या पदरचं घालतं. त्या निर्मितीचा आनंद मी रोज दारातच हिरावून घेत होते. मग ज्याला सांगायचं त्याला सगळं आधीच ठाऊक असेल, तर त्या पोरीने टॅब उघडू नये तर काय करावं? तिच्या अर्ध्या तासावर मी घड्याळ लावून बसले होते. माझे तास कोण मोजत होतं? स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यालाच म्हणतात. आणि मला खरोखर भीती वाटली. आज ही बादलीची गोष्ट सांगत नाही, पंधराव्या वर्षी काय काय सांगणार नाही?

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल लॉकरमध्ये ठेवला. दहाच्या चहाला हात आपसूक खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. व्यसन म्हणतात ते याहून निराळं काय असतं? संध्याकाळी घरी आले तेव्हा पाच वाजून गेले होते, टॅब सुरू झाला होता. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हटलं, "जुई, आज मी एकही व्हिडिओ पाहिला नाही. काय झालं ते तूच सांग."

तिचा विश्वास बसेना. तिने माझा मोबाइल मागून घेतला, ग्रुप उघडला, न उघडलेले व्हिडिओ बोटाने वर सरकवत शेवटपर्यंत तपासले. तपासणी विभागाची मुलगी ती. मग म्हणाली, "खरंच की." आणि टॅब पालथा घातला.

"आई, वाफ्यातून धामण निघाली. एवढी लांब." दोन्ही हात ताणले, ते पुरेनात, म्हणून उठून दारापासून फ्रिजपर्यंत चालून दाखवलं. पोरं किंचाळत बांधावर पळाली. मग शेताचे मालक बाळूकाका आले. इथे तिने कमरेवर हात ठेवून आवाज जाड केला, "पळू नका रे पोरांनो. धामण हाय ती, काय करत नाय. उंदीर खाती, लय कामाची हाय." मी पोट धरून हसले. त्याच ओघात ती म्हणाली, "आणि अलीनाने माझा हात इतका घट्ट धरला ना, की आता आमची जोडीच झाली. आधी माझ्याबरोबर कोणीच जोडी करत नव्हतं."

"आधी म्हणजे?"

"म्हणजे कालपर्यंत. बादली दोघींनी धरायची असते. मी एकटीच न्यायची. म्हणून तर सांडली."

जो व्हिडिओ मी तीनदा पाहून हसले होते, तोच हा. केसभर फरक हुडकून काढणाऱ्या माझ्या डोळ्यांना बादलीच्या दुसऱ्या बाजूची रिकामी जागा दिसली नव्हती. मी तिला जवळ ओढलं. तिला ते फारसं कळलं नाही, कारण तिची गोष्ट अजून संपायची होती. ती संपली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि तिचा अर्धा तास कुणाच्याच लक्षात राहिला नव्हता.

टॅब काही घरातून गेला नाही, जायलाही नको. दुसऱ्या दिवशी ती त्यावर धामण काय खाते, किती अंडी घालते हे शोधत होती, अलीनाला सांगायचं म्हणून. मीही आता ग्रुपवर फक्त सूचना वाचते. दारापासून फ्रिजपर्यंतचं अंतर चांगलं बारा फूट भरतं आणि धामण काही एवढी लांब नसते, हे मलाही ठाऊक आहे. त्या सकाळचा व्हिडिओ ग्रुपवर तसाच पडून आहे. सगळा जन्म मापं तपासण्यात गेला माझा. हे एक माप मात्र मी तपासणार नाही.