पालमच्या स्टँडसमोरचे हापसे

परभणीच्या एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटावर नकाशे करते. सेलूहून सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत, आणि मधल्या वेळात संगणकावर जिल्हा रंगवायचा. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "सूनबाई ड्रॉइंगचं काम करते." मी ते दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलंय.

त्या उन्हाळ्यात साहेबांना जिल्ह्यातल्या सगळ्या हातपंपांचा, म्हणजे आमच्याकडच्या हापशांचा, नकाशा हवा होता. कुठला चालू, कुठला बंद हे दिसलं की टँकर कुठं पाठवायचे ते ठरणार. सर्वेक्षण आधीच झालेलं. नेमलेल्या लोकांनी गावोगाव फिरून मोबाइलच्या ॲपवर एकेका हापशाची माहिती भरली होती. ती सगळी एका डेटाबेसमध्ये जाऊन पडली आणि पुढं तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नकाशाचं सॉफ्टवेअर त्या डेटाबेसला जोडायचं, एवढंच माझं काम.

पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. मी 'परभणी' लिहून पुढं एक-दोन-तीन टाकलं. लगेच जोडलं गेलं. सरकारी गुपितं किती सुरक्षित आहेत ते त्या दिवशी कळलं.

मग सॉफ्टवेअर विचारू लागलं, आडवा आकडा कुठल्या रकान्यातून घेऊ आणि उभा कुठल्या? साहेब माझ्या खुर्चीमागं उभे होते. म्हणाले, "अक्षांश आधी टाका, रेखांश नंतर. शाळेत तसंच शिकवतात." खरं तर आडवा आकडा म्हणजे रेखांश, तो आधी लागतो. मला ते माहीत होतं. पण साहेब मागं उभे असले की आधी त्यांचं ऐकायचं आणि मग दुरुस्त करायचं, अशी आमच्याकडं पद्धत आहे.

नकाशा उघडला तर जिल्हा रिकामा. मी तो लहान करत गेले. महाराष्ट्र आला, भारत आला, आशिया आला. पार वर, उत्तर ध्रुवाच्या अंगाला, बर्फाच्या समुद्रात आमचे सगळे हापसे तरंगत होते.

साहेबांनी चष्मा पुसला. "हे कुठं आहे?"

"उत्तर ध्रुवाजवळ, सर."

"आपला कुणी माणूस गेला होता का तिकडं?"

"नाही सर. तिकडचा भत्ता मंजूर नाही."

मी रकाने उलटे केले आणि ठिपके झटक्यात घरी आले. येलदरीपासून गंगाखेडपर्यंत जिल्हाभर पसरले. साहेब खूश झाले. तेवढ्यात मला पालमजवळ एक ठिपका जरा जाड दिसला. मोठा करून पाहिलं तर तो एक नव्हताच. आसपासच्या गावांतले कितीतरी हापसे एकावर एक रचलेले होते. मागं उपग्रहाचं चित्र लावलं, तर खाली पालमच्या एसटी स्टँडसमोरचं पत्र्याचं चहाचं हॉटेल निघालं. माहिती भरणाऱ्याच्या रकान्यात त्या सगळ्यांपुढं एकाच बाईंचं नाव होतं.

"बघा!" साहेब म्हणाले. "चहा पीत पीत सगळी गावं हापसली! ती बाई कोण आहे तिला नोटीस काढा."

"सर, आधी जागा बघून येऊ," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही जीपनं पालमला गेलो.

हॉटेलवाले काका कपाळाला भस्म लावून, गळ्यात लिंग घालून चहा उकळत होते. साहेबांनी विचारलं, इथं हापसा आहे का? काका म्हणाले, "हितं? न्हाई बा. मी सोता जारचं पाणी इकत घेतो."

"आणि सर्वेक्षणाची ती बाई?"

"यायची की रोज. त्या खांबाला टेकून मोबाइल वर धरायची."

साहेबांना एवढंच हवं होतं. त्यांनी बाईंना फोन लावून बोलावून घेतलं. तोंडाला स्कार्फ बांधलेल्या बाई स्कूटीवरून आल्या. त्या खाली उतरायच्या आतच साहेब सगळ्या गिऱ्हाईकांसमोर म्हणाले, "बसल्या जागी खोटी माहिती भरता? सरकारला फसवता?"

बाईंनी स्कार्फ सोडला आणि साहेबांना जिथल्या तिथं थंड केलं.

"बसून? मी बसून भरायले का? उन्हानं कातडं सोललंय माजं, अन् तुमचं ॲप म्हणायलंय मी चहा पिले! तिकडं गावात रेंज कुटंय? माहिती तिथं भरायची अन् हितं येऊन पाठवायची. आता तुमचं ॲप मी पाठवते तिथलीच जागा लिहून घेतंय, त्याला मी काय करू? हे बगा फोटो!"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. हापसा, दुसरा हापसा, तिसरा. प्रत्येक फोटोत कडेला स्कूटीचा आरसा आलेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डेटाबेसमध्ये फोटोंचा एक वेगळा तक्ता होता, आणि फोटो काढताना फोननं टिपलेली जागा त्यात होती. आम्ही ती बघितलीच नव्हती.

कार्यालयात परतल्यावर मी दोन्ही तक्ते हापशाच्या क्रमांकावरून एकमेकांना जोडले आणि ठिपक्यांची जागा फोटोंवरून घेतली. हॉटेलवरची रास हलली. एकेक हापसा आपापल्या गावात जाऊन बसला. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही. त्यातले बरेचसे बंद होते. बैठकीत वरच्या साहेबांनी नकाशा पाहून 'ठिपके हिरवे का?' एवढंच विचारलं, पण टँकर त्या गावांना मंजूर झाले.

नोटीस बाजूलाच राहिली. मी बाईंना फोन लावून साहेबांकडं दिला. ते घसा साफ करून म्हणाले, "तुमचं काम समाधानकारक आढळलं आहे."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "समाधान तुमचं झालं, माजं न्हाई. खोटी म्हणलात ते स्टँडावर, चार लोकांपुडं. आता तिथंच येऊन सांगा."

साहेब जाणार नाहीत याची मला खात्री होती. पण ते गेले. पुढच्याच आठवड्यात पालमला दौरा निघाला आणि जीप हॉटेलसमोर थांबली. बाई आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या, शेजारणींनाही घेऊन आल्या होत्या. साहेब उभे राहिले. "सदर सर्वेक्षण योग्य असल्याचं निदर्शनास आलं आहे," ते भाषणाच्या सुरात म्हणाले.

काकांना काही कळलं नाही. "म्हंजे काय?"

"म्हंजे साहेब चुकले म्हणायलेत," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "हो. चुकलो."

बाकावर सरकून बाईंनी त्यांना बसायला जागा करून दिली.