आत्याच्या काचांची पेटी

माझ्या रुखवतात लाडू होते, करंज्या होत्या, विणलेले रुमाल होते. ते कुणाच्या लक्षात नाहीत. पेटी सगळ्यांच्या लक्षात राहिली. तेव्हा मी चौथी पास झालेली चौदा वर्षांची नवरी होते.

पेटी साधी. गिरणीतल्या मोडक्या खोक्याच्या फळ्या आणून वडिलांनी ठोकलेली. झाकण मी सजवायचं ठरलं. आई म्हणाली, "लक्ष्मी काढ, न्हायतर एखादी राणी डकव." गिरणीच्या कापडाच्या ठाणावर डकवलेल्या रंगीत तिकिटांवर राण्या हव्या तेवढ्या मिळत. पण माझ्या ओळखीत राणी कुणी नव्हती. ज्यांना मान द्यावा अशा दोनच बाया मी पाहिल्या होत्या. एक शाळेतल्या बाई. वडील मला दुसरीतूनच काढत होते, तेव्हा त्या घरी येऊन भांडल्या. दुसरी माझी आत्या. नवरा मेल्यावर सासरच्यांनी तिला कोपऱ्यात बसवलं, तर ही एक दिवस पहाटेच उठली आणि सोलापुरात येऊन गिरणीत सूत गुंडाळायला लागली.

बाईंसाठी मी पाटीचा फुटका तुकडा बसवला. आत्याला म्हटलं, तुझं काहीतरी दे. तिनं पत्र्याची डबी पुढं केली. आत हिरव्या काचा. नवरा गेला त्या दिवशी फोडलेल्या तिच्या बांगड्या.

"ह्या ठेवल्यास व्हय?"

"फोडल्या त्यांनी, येचल्या मी. त्यांच्या बापाच्या होत्या का?"

मी लाख वितळवली आणि त्या काचांची एक बाई झाकणावर उभी केली. हातात सूत, मान ताठ.

लग्नाच्या दिवशी सासरच्या, बार्शीहून आलेल्या बायका पेटीभोवती जमल्या. "पोरीच्या हातात कसब हाय की!" सासूबाईही वाकून बघत होत्या. "काच लई झ्याक हाय. कुठून आणलीस गं?"

आईनं मला चिमटा काढला. मी म्हटलं, "आत्याची हाय. तिच्या फोडलेल्या बांगड्या."

आत्या आत चुलीपाशी होती. विधवा म्हणून तिला मांडवात येऊ दिलं नव्हतं. सासूबाई दोन पावलं मागं सरल्या.

"रांडपणाच्या काचा नव्या नवरीच्या पेटीवर? ही पेटी माझ्या घरात येणार न्हाय."

"मग मीबी येत न्हाय."

"अगं, मुंडावळ्या बांधल्यात तुला!" आई रडायला लागली.

"बांधल्यात तशा सोडू," मी म्हटलं आणि खरंच गाठीला हात घातला.

वाजंत्री थांबली. सासरे आत आले, पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दोन गाड्या माणसं आणलीत," ते बायकोला म्हणाले. "पेटीसाठी लगीन मोडलं म्हणून गावात सांगू? पोतं टाक वर आणि घाल गाडीत."

"आत्याच उचलंल," मी म्हटलं.

मी चुलीकडे हाक मारली. आत्या बाहेर आली, हात पदराला पुसले, पेटी डोक्यावर घेतली आणि भरल्या मांडवातून, बार्शीच्या सगळ्या सवाष्णींच्या मधून चालत गाडीपर्यंत गेली. सासूबाईंनी मागून पोतं टाकलं.

बार्शीला पोचल्यावर पहिलं काम मी तेच केलं. पेटी समोरच्या खोलीत ठेवली आणि पोत्याचं पायपुसणं केलं.