फुग्यानं उघडलेली झडप

बुट्टीत बांगड्या घेऊन कोडोलीच्या बाजाराला जाणारी ताजबी मणेर एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत पुन्हा दमायला लागली, आणि तिनं ते घरात सांगितलं नाही.

हृदयातून फुप्फुसाकडं रक्त जातं तिथली तिची झडप जन्मापासूनच अरुंद होती. पंचविसाव्या वर्षी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर ती भोवळ येऊन पडली, तेव्हा कुठं हे कळलं. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, टोकाचा फुगा फुगवला आणि झडप उघडली. छातीवर साधा ओरखडा नाही. गल्लीतल्या बायकांना ते खरंच वाटेना.

"दरवर्षी दाखवायला या," डॉक्टर म्हणाले होते. "पद्धत नवी आहे. पुढं ही झडप कशी राहील, ते आज मलाही सांगता येणार नाही."

ही शहाऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. पुढची दोन वर्षं ती गेली. तिसऱ्या वर्षी काहीच त्रास नव्हता म्हणून गेली नाही. आणि आता चार पायऱ्यांवर धाप.

तिचा नवरा बाबालाल एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. एका सकाळी बुट्टी तिच्या डोक्यावर द्यायला त्यानं उचलली, तर ती हलकी लागली.

"निम्म्याच बांगड्या?"

"खप न्हाई."

"माझ्याकडं बघून बोल. दम लागतोय व्हय?"

ताजबी उंबऱ्यावरच बसली. "महिना झाला. झडप परत मिटली असंल. आता छातीच फाडत्याल."

त्यानं तिला तसंच प्रमोदिनीबाई डॉक्टरांकडं नेलं. बाईंनी बराच वेळ छाती ऐकली, मग भलतेच प्रश्न विचारले, पोट तपासलं.

"तिसरा महिना आहे."

बाबालाल हसला. बाई हसल्या नाहीत.

"हृदयाला हे पेलवेल का, ते झडप बघितल्याशिवाय कळणार नाही," बाई म्हणाल्या. "लगेच मुंबई गाठा. पेलणार नसेल तर लवकर ठरवावं लागेल."

गाडीनं मिरज मागं टाकलं.

"पाडा म्हटलं तर?" ताजबीनं विचारलं.

"तू ऱ्हायलीस म्हंजे झालं."

"मी ते इचारलं न्हाई."



मुंबईला अंधाऱ्या खोलीत डॉक्टर तिच्या छातीवरून यंत्राची मूठ फिरवत पडद्याकडं बघत होते. थांबायचे, मागं जायचे, पुन्हा तिथंच दाबायचे. ताजबी त्यांच्या कपाळाच्या आठ्या बघत पडून होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मिटली का हो?"

"नाही. चांगली उघडी आहे. थोडी गळते. फुग्यानं उघडल्यावर असं कधीकधी होतं. रक्त कमी आहे, त्यात पोटात बाळ. त्यामुळं धाप."

"मग ठेवू?"

"ठेवा. पण ओझं उचलायचं नाही. दर महिन्याला तपासणी. आणि बाळंतपण दवाखान्यातच."

सप्टेंबरात कळा सुरू झाल्या, तसं बाबालालनं तिला बाईंच्या दवाखान्यात आणलं. पहाटेपासून दुपारपर्यंत प्रमोदिनीबाई तिच्या मनगटावर बोटं ठेवून होत्या. दोनच्या सुमारास नाडी इतकी वाढली, की त्यांनी नर्सला ऑक्सिजनची नळी लावायला सांगितलं. बाहेर बाबालालला दारापाशी धावपळ तेवढी ऐकू येत होती. विचारलं तर कुणी थांबेना. पाऊण तासानं मुलगी रडली. तरी बाई बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या नाडी उतरल्यावरच.

"दोघी बऱ्या आहेत. दोन दिवस मात्र इथून हलवायची नाही."

डिसेंबरात ताजबी मुलीला घेऊन मुंबईला गेली. गळती तेवढीच होती, पण हृदयाचा उजवा कप्पा किंचित मोठा दिसत होता. आता वर्षाची वाट बघू नका, दर सहा महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले. तिनं पुढची तारीख लिहून घेतली. कोडोलीत ग्रामपंचायतीजवळ बसायला जागा मिळाली. आता बुट्टी बाबालाल तिथवर पोचवतो. ती मांडीवर लेक घेऊन बायकांना बांगड्या भरते.